जयमालाच्या कंप्युटरातलं भूत

तलासरीच्या नाक्यावर दोन दिवस एकच बातमी फिरत होती. पोस्टमन प्रल्हाद पागधऱ्यांच्या जयमालाच्या कंप्युटरात भूत शिरलं. ते उतरवायला वेवजीहून चैत्या भगत आला. त्याने काचेवर बोट टेकवून मंत्र म्हटले, जयमाला हात जोडून समोर बसली, आणि शेवटी कोंबडीचा मान दिल्यावर भूत प्रिंटरातून कागदावर स्वार होऊन बाहेर पडलं. बातमी बाजारपेठेतून आश्रमशाळेपर्यंत गेली, तिथून बसमध्ये चढली आणि संध्याकाळी आशागडला उतरली, तेव्हा एका कोंबडीच्या तीन झाल्या होत्या आणि जयमालाचे केसही मोकळे सुटले होते.

त्यात खरं तेवढंच सांगायचं, तर चैत्या भगत आला होता, बोटही टेकवलं होतं, आणि जयमालाने हात जोडले होते हेही खोटं नाही. कोंबडीही होती. पण ती आजतागायत जिवंत आहे, जयमालाच्या माळ्यावर अंडी घालते आणि गिऱ्हाइकांवर डोळे वटारते. भगत आला होता स्वतःच्या कामाला, नातीच्या फॉर्मची पावती घ्यायला. आणि भूत म्हणाल, तर ते कंप्युटरात नव्हतं. ते होतं जयमालाच्या दहा बोटांत, आणि ते तिने चिंचणीहून सासरी येताना बरोबर आणलं होतं.

जयमाला चिंचणीची. आईबरोबर लहानपणापासून किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायची. बांबूच्या मांडवावर दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून टांगायची, ते असं भराभर की बघणाऱ्याला वाटावं मासे आपणहून उड्या मारताहेत. आणि डोळे? डोळे शेजारणीकडे. तोंडही शेजारणीकडे. हाताकडे बघून काम करणाऱ्या बाईला तिची आई म्हणायची, "अगं, तुझे हात काय पळून चाललेत, राखण करतेस ती?" ही शिकवण जयमालाने आयुष्यभर पाळली. तलासरीला लग्न होऊन आली तेव्हा पोळ्याही ती खिडकीबाहेर बघत लाटायची. पोळ्या गोल व्हायच्या आणि आळीतलं सगळं कळायचं.

प्रल्हाद म्हणजे पोस्टातला जुना माणूस, पायी चालून चालून खारकेसारखा झालेला. त्याच्या बोलण्यात पत्ते, पिनकोड आणि परत आलेली पत्रं एवढेच विषय. २०१४ साली घराच्या पुढच्या खोलीत जयमालाने ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान काढलं, ते त्याच्याच बहिणीच्या मुलामुळे. हा प्रविण आशागडकडे शाळेत मास्तर. त्याच्या ओळखीतल्या कुणाकडे एक जुना कंप्युटर पडून होता. त्यात त्याने एक फुकट मिळणारी सिस्टीम टाकली आणि टेम्पोत घालून आणून दिला. "मामी, शिकायला तुला आठ दिवस लागतील," म्हणाला. जयमालाला चार लागले. पाचव्या दिवशी ती दारात उभ्या असलेल्या बाईशी सुक्या माशाच्या भावावर वाद घालत तिच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होती.

त्या दुकानात तिने स्वतःची एक रीत बसवली होती. फॉर्म भरून झाला की पावतीचं पान उघडतं. त्या पानाचा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत असतो, आणि बऱ्याच साइटवर त्याच्या शेवटी अर्जाचा नंबर. जयमालाच्या हे लक्षात आलं. मग ती एका साइटचा एकच पत्ता जपून ठेवायची आणि कुणाचीही पावती हवी असली की तोच उघडून शेवटचे पाच आकडे बदलायची. पट्टीच्या टोकाला एक क्लिक. तिथे बारीक उभी रेघ लुकलुकायला लागायची, तिला ती 'काडी' म्हणायची. काडी उभी राहिली की मागे जायचं बटण पाच वेळा, नवे पाच आकडे, एंटर. पावती हजर. हे सगळं एका श्वासात, आणि डोळे अर्थातच गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय आहे त्यावर.

तीन वर्षं हे असं सुखात चाललं. २०१७च्या सप्टेंबरात जुना कंप्युटर थकला. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात डाळ शिजायची. प्रविणने नवा आणून दिला, जुना माळ्यावर गेला.

"सगळं तेच आहे ना रे?" जयमालाने विचारलं.

"अगदी तेच, मामी. फक्त जलद."

मास्तर लोकांचं हे असं असतं. अगदी तेच नव्हतं. जुन्यावर पट्टीला एकदा क्लिक केलं की काडी उभी राहायची. नव्यावर एकदा क्लिक केलं की सगळा पत्ता निळा व्हायचा, म्हणजे सगळाच्या सगळा निवडला जायचा. आणि मग एक बटण दाबलं की तो निळा पत्ता साफ. बरं, नेहमी असंच झालं असतं तर हाताला सवय लागली असती. पण आधीच पट्टीत काही करत असताना क्लिक केलं तर निळं व्हायचं नाही, शहाण्यासारखी काडी उभी राहायची. घाईत दोनदा टकटक केलं तर मधलाच एखादा शब्द निळा. माउस जरासा ओढला गेला तर अर्धाच पत्ता. चार दिवसांत जयमालाने त्या पट्टीला 'सवत' नाव ठेवलं.

"आज सवतीचं डोकं फिरलंय," ती समोरच्या वडापाववाल्या उमेशला सांगायची. "कधी निळी होते, कधी होत नाही. आपलं आपण गिळून बसते मेली."

हे तिने उमेशला सांगितलं, इथेच भुताच्या बातमीची पहिली वीट बसली. उमेशला काही सांगणं आणि पंचायतीच्या भोंग्यावर सांगणं यात फरक एवढाच, की भोंगा लाईट गेली की बंद पडतो.

आता बारकीचं. बारकी ही चैत्या भगताची नात, वेवजीची. बारावी झालेली, बोलायला कमी, नजरेने मोजणारी. तिला नर्सिंगला जायचं होतं. घरच्यांनी तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं, पलीकडच्या गुजरातेतल्या गावातलं. चैत्याने मध्ये पडून सांगितलं होतं, "यंदा नंबर लागला तं शिकंल. नाय लागला तं लगीन." घरात एवढाच करार. त्या एका फॉर्मवर पोरीचं पुढचं सगळं टांगलेलं होतं आणि हे जयमालाला ठाऊक होतं, कारण तिला सगळ्यांचंच सगळं ठाऊक असतं.

फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. दुपारी तीनला बारकी कागदं घेऊन आली, कारण दाखला सकाळीच हातात पडला होता. दुकानात गर्दी. जयमालाने फॉर्म भरला, फोटो चढवला, शेवटचं बटण दाबलं. पावतीचं पान उघडलं. तिने नंबराचे शेवटचे पाच आकडे वहीत उतरवले, ४०७१८, प्रिंटसाठी हात पुढे केला, आणि लाईट गेली.

"झालं ना, ताई?" बारकीने काळ्या पडद्याकडे बघत विचारलं.

"झालं गं! मंगळवारी येऊन पावती घेऊन जा. बुधवारी पालघरला कागद तपासायला जायचंय ना, त्याच्या आत देते."

लाईट आली संध्याकाळी सातला. जयमाला बसली. त्याच साइटवर आदल्या आठवड्यात भरलेल्या एका मुलीच्या पावतीचा पत्ता जपलेला होता. तो उघडला, पावती आली. आता रीत. पट्टीवर एक क्लिक, मागे जायचं बटण पाच वेळा, ४०७१८, एंटर. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली म्हणून तिचे डोळे तिकडे होते. परत बघते तो समोर पावती नाही, कुठल्याशा पाण्याच्या पंपाच्या सुट्या भागांचं पान. नंबर ४०७१८, रबरी वायसर.

तिने पुन्हा केलं. पुन्हा वायसर. जुन्या मुलीचा पत्ता उघडला, ती पावती नीट आली. बारकीचे आकडे घातले, वायसर. म्हणजे साइट धड आहे, ती मुलगी धड आहे, फक्त बारकी नाही. वरती बघितलं तर पट्टीतला पत्ता पुसलेला, नुसते पाच आकडे. लाईट गेली तेव्हा फॉर्म पुसला गेला, आणि आता हात लावावा तर त्याचा पत्तासुद्धा राहत नाही, असं तिने ठरवून टाकलं. साइट उघडून बघितली. 'अर्ज भरण्याची मुदत संपली आहे.'

रात्री जेवताना तिने प्रल्हादला आडून विचारलं, "अहो, एखाद्या पत्रावरचा पत्ता पुसला गेला तर काय करता?"

प्रल्हादला असा आवडीचा प्रश्न घरात वर्षातून एकदा विचारला जातो. तो घास ठेवून म्हणाला, "पत्ता पुसलेलं पत्र कुणाचंच नसतं, जयू. ते जातं ठाण्याला, तिथून मुंबईला. तिथे एक खोलीच आहे, बेवारस पत्रांची. तिथून परत आलेलं मी तरी तीस वर्षांत पाहिलं नाही." आणि आमटी वाढून घेतली. जयमाला पानावरून उठली.

शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस जयमाला खिडकीबाहेर बघायची बंद झाली. यावरूनच आळीला कळायला हवं होतं की काहीतरी भयंकर घडलंय. उमेशने वडा पुढे केला तर "नको" म्हणाली. प्रविणला फोन लावला, तो ट्रेनिंगला गेलेला आणि फोन बंद. साइटवरच्या मदतीच्या नंबरला लावला तर तिथे बासरी वाजत राहायची. बारकीच्या मोबाईलवर मेसेज आला असेल का विचारावं, तर वेवजीतला मोबाईल कधी महाराष्ट्राचा, कधी गुजरातचा. त्यावर मेसेज येतो तो बहुधा 'गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे' एवढाच.

"चुलीत जाऊ दे दुकान," तिने सोमवारी प्रल्हादला सांगितलं. "पोरीचं नुकसान करायला बसलेय का मी इथे?"

"झालंय काय पण?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

मंगळवारी सकाळी नऊला चैत्या भगत दारात. डोक्याला लाल फडकं, हातात काठी, मागे बारकी. आणि काखेत जिवंत कोंबडी. काम झालं की मोकळ्या हाताने जायचं नाही ही त्याची पद्धत, आणि काम झालेलंच आहे हा त्याचा विश्वास. तो विश्वास बघून जयमालाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बसा, चैत्याबाबा," ती म्हणाली. "बारकी, तूही बस. मी सांगते ते ऐकून घे आणि मग मला काय बोलायचं ते बोल." आणि तिने एका दमात सांगून टाकलं. लाईट गेली, फॉर्म पुसला गेला, पत्ता सापडत नाही, मुदत संपली. चूक माझी. तुझ्या घरी येऊन तुझ्या बापापुढे मी उभी राहीन.

बारकी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कोंबडीने तेवढ्यात एकदा कुरकुर केली.

चैत्या भगताने काठी भिंतीला टेकवली. "पुसला तो कसा पुसला? दाखव."

"काय दाखवू? वायसर येतो."

"तो वायसर कसा येतो तो दाखव. आजारी माणूस समोर नाय, तं मी काय सांगू?"

आता चैत्याचं काम काय, तर सुपात तांदळाचे दाणे टाकून बघणं. एक दाणा इकडे गेला की तिकडे, हे तो चाळीस वर्षं बघत आलाय. दाण्यात देव दिसतो की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पण दाणा हलला आणि चैत्याला दिसला नाही असं कधी झालेलं नाही.

जयमालाने जुन्या मुलीची पावती उघडली आणि रीत केली. क्लिक, टकटकटकटकटक, ४०७१८, एंटर. वायसर.

"परत."

परत वायसर.

"बाय, तू कठं बघतंस?"

जयमाला गोंधळली. "कुठे म्हणजे? तुमच्याकडे."

"माझ्याकडं काय हाय? तिकडं बघ." त्याने पुढे सरकून पट्टीवर बोट टेकवलं. "तू हात लावलास तवा हे सगळं निळं झालं. मंग तू एक बटण मारलं, सगळं गेलं. बाकीचे चार मारले ते वाऱ्यावर."

"सगळं? पाच आकडेच जायला हवेत."

"सगळं निळं, सगळं गेलं. माझ्या डोळ्यानं बघला. आता परत कर, पण बटण मारू नको."

जयमालाने क्लिक केलं. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्याच्या पिशवीकडे न बघता, ती सरळ पट्टीकडे बघत राहिली. सगळा पत्ता निळा होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत. तो पुसून नुसते आकडे घातले की ब्राउझर ते आकडे बाहेर इंटरनेटवर शोधायला जायचा आणि वायसर घेऊन यायचा.

"अगं बाई," ती म्हणाली. "निळी होते ते माहीत होतं, पण एका बटणात सगळंच गिळते होय! जुन्यावर असं होत नव्हतं."

"मंग हातांना जुनंच पाठ हाय. आता थांब. घाई नको. परत एकदा हात लाव, त्या टोकाला. बघू काय होतं."

जयमालाने थांबून, सावकाश, पत्त्याच्या टोकाला दुसऱ्यांदा क्लिक केलं. निळं गेलं. टोकाशी काडी लुकलुकायला लागली.

"पण बाबा," तिला अजून धीर होईना, "फॉर्मच पुसला गेला असेल तर? पत्ता गेला म्हणजे..."

"वाटेवरची पाटी पडली म्हणून पाडा उठून जातो काय कठं? पाडा तठंच हाय. तूच वाट चुकतंस. घाल आकडे."

तिने मागे जायचं बटण पाच वेळा दाबलं, एकेक मोजून. आकडे एकेक बघून. चार. शून्य. सात. एक. आठ. एंटरवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

"डोळं उघड, बाय," चैत्या म्हणाला. "आताच तं उघडायला शिकलीस."

पान पांढरं झालं. वरची गोल खूण फिरत राहिली. बारकी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. मग वरून खाली, एकेक ओळ करत, पावती आली. नाव, वेवजी, तालुका तलासरी, आणि उजव्या कोपऱ्यात बारकीचा फोटो, कान झाकलेले आणि डोळे वटारलेले. खाली शुक्रवारची तारीख, दुपारची वेळ, आणि 'अर्ज यशस्वीरीत्या प्राप्त झाला आहे.' लाईट जायच्या आधीच अर्ज जिथे पोचायचा तिथे पोचला होता आणि तीन दिवस निवांत बसून होता.

जयमालाने प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. तिने तो बारकीच्या हातात दिला आणि एकदम खाली फरशीवरच बसली. हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही कळेना. चैत्याला तिने दोन्ही हात जोडले. चैत्या अजून बोट काचेवर टेकवून पावतीवर नातीचा फोटो कुठे आहे ते शोधत होता. कोंबडी त्याच्या काखेतून सुटून टेबलावर चढली.

आणि नेमका याच क्षणी उमेश चहाची किटली घेऊन दारात आला.

त्याने काय बघितलं ते बघा. भगताचं बोट पडद्यावर. बाई जमिनीवर, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. पोरगी हातात कागद धरून उभी. मध्ये कोंबडी. उमेशने किटली उंबऱ्यावर ठेवली आणि चहा न देताच परत फिरला. पुढची हकिगत नाक्याला ठाऊक आहे.

आत मात्र बारकी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "ताई, अजून एक काढाल? एक घरी लावायला. बा रोज बघंल."

जयमालाने दोन काढून दिल्या. मग उंबऱ्यावरच्या किटलीतला चहा तिघांनी प्यायला. तिने तीन दिवसांची भूक काढली, आत जाऊन बोंबलाची चटणी आणि भाकरी आणली, चैत्यालाही वाढली. "घरच्या बोंबलाची आहे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघितलं. आळी परत जागेवर आली होती. पोस्टातून प्रल्हाद दुपारी घरी आला तेव्हा त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. पत्ता पुसला तर बेवारस होतं ते पत्र. घर नव्हे." आपला तीस वर्षांचा सिद्धांत त्याने असा थोडक्यात वाचवला.

बारकीचा नंबर लागला. पहिल्या यादीत नाही, दुसऱ्या यादीत, पण लागला. दिवाळीच्या आधी ती पालघरला गेली, आणि गुजरातेतल्या त्या स्थळाला चैत्याने स्वतः जाऊन सांगितलं की पोरगी सध्या रिकामी नाही. प्रविण ट्रेनिंगवरून परत आला. त्याने मान्य केलं की जुन्या आणि नव्यात ही पट्टी वेगळी वागते आणि हे सांगायचं राहून गेलं. "एवढंसं तर होतं, मामी," म्हणाला. मामीने त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

कोंबडी चैत्याने नेली नाही. दिलेलं परत नेत नाहीत. तिने माळ्यावरच्या जुन्या कंप्युटरवर बैठक मारली, आणि तिथून ती खाली जयमालाच्या डोक्यावर लक्ष ठेवते. जयमालाने पडद्याच्या वर एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'आधी बघ. दोनदा, सावकाश. मग आकडे.' हात अजून जलद आहेत, पण एंटरच्या आधी एक क्षण थांबतात. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या पिशवीतलं बघून होतं.

उमेश मात्र ऐकायला तयार नाही. भूत नव्हतं असं मान्य केलं तर त्याची दोन दिवसांची मेहनत फुकट जाते. आठवड्याने, दुकानात चारपाच गिऱ्हाइकं बसलेली असताना, तो वड्यांची पुडी देण्याचं निमित्त करून आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय वहिनी, आता तुमची सवत शांत आहे ना? का परत भगताला बोलावू?"

जयमालाने पडद्यावरची नजर काढली नाही. टोकाला एकदा क्लिक केलं, थांबली, दुसऱ्यांदा केलं, पाच आकडे बदलले, एंटर मारला, आणि मग वळून म्हणाली,

"उमेशभाऊ, हिला एकदा हात लावला की बिघडते आणि दुसऱ्यांदा लावला की ताळ्यावर येते. तुमच्या जिभेला किती वेळा लावायचा तेवढं सांगा."